आबांच्या राजदूतच्या तेरा फेऱ्या

चहा उकळून वर आला. सरोजने गॅस बंद केला आणि सवयीने ओट्यावरच्या खिळ्याकडे हात नेला. खिळा होता, गाळणी नव्हती.

"अहो, गाळणी कुठाय?"

सुधीर टिपणीस गॅलरीत पेपर वाचत बसला होता. पेपर हळूहळू वर गेला आणि त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"कुठली गाळणी?"

"चहाची. आपल्याकडे एकच आहे. म्हणजे होती."

"अगं, कार्बोरेटरच्या तोंडाला जाळी लागते. नाहीतर धूळ जाते ना आत."

"आणि माझ्या पोटात चोथा गेलेला चालतो?"

"त्या गाडीचे पार्ट आता कुठे मिळतच नाहीत," सुधीर पेपरमागून म्हणाला. "कल्याणपासून ठाण्यापर्यंत सगळं पालथं घातलं मी. शेवटी डोकं चालवावं लागतं."

हे डोकं चालवणं गेले सहा महिने सुरू होतं. सोमवारी कुकरची जुनी रिंग गेली, तेव्हा जुनी आहे म्हणून सरोज काही बोलली नाही. बुधवारी नवी गेली, कारण जुनी बसली नाही. सायलेन्सरचं मागचं टोक गंजून गळून पडलं होतं, तिथे रव्याचा स्टीलचा डबा लागला. रवा तेव्हापासून पिशवीत होता आणि सरोजने उपमा करायचं बंद केलं होतं.

सुधीर विमा कंपनीतून निवृत्त झालेला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं एकमेव यंत्र म्हणजे स्टेपलर. पण निवृत्तीनंतर त्याला फोनवर मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ दिसायला लागले आणि आपल्या आयुष्यात नेमकं काय राहून गेलं ते त्याला कळलं. त्यातच विठ्ठलवाडीला सासऱ्यांच्या सोसायटीने नोटीस लावली की जिन्याखालची अडगळ आठ दिवसांत हलवावी. अडगळ म्हणजे सासऱ्यांची, म्हणजे आबांची, राजदूत मोटारसायकल. आबा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि अठ्ठावीस वर्षं याच गाडीवरून कामावर जात होते. गेली पंधरा वर्षं ती ताडपत्रीखाली होती. सुधीर ती टेम्पोत घालून डोंबिवलीला घेऊन आला, आणि आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या कारच्या जागेवर उभी केली. कार तेव्हापासून रस्त्यावर होती.

सरोजने हे सगळं चालवून घेतलं त्याला कारण आबाच होते.

ऑगस्टमध्ये आबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, जिने चढायचे-उतरायचे, काही होत नाही. आबा घरात काठी टेकत चालत होते, पण दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं नाव नाही. सरोजचा भाऊ नयन रोज म्हणायचा, "आबा, खाली चला, जरा मोकळं वाटेल." आबा गॅलरीतल्या खुर्चीतून विचारायचे, "खाली काय आहे?" सरोजने रागावून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा तर त्यांचा आवडता वडापाव खाली कट्ट्यावर ठेवून पाहिला. नयनला तो वर न्यावा लागला. आठ महिने झाले होते. रात्री नयनशी बोलून फोन ठेवला की सरोज आता जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवायची.

"त्यांची गाडी त्यांच्या दारात उभी राहिली ना," सुधीर म्हणायचा, "की बघ, माणूस आपणहून खाली येतो."

सरोजचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण दुसरा कुठला उपायही शिल्लक नव्हता. एका घरात एक गाळणी म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे.

*

एप्रिलमधल्या एका गुरुवारी गाडी सुरू झाली. चाळीस सेकंद चालली आणि बंद पडली. शुक्रवारी सव्वा मिनिट चालली. पार्किंगमध्ये इतका धूर झाला की वॉचमनने पाण्याची बादली आणली. सुधीरने त्याला मिठी मारली.

आता दोन-तीन बारीकसारीक गोष्टी राहिल्या होत्या. किल्लीचं कुलूप गंजून घट्ट झालं होतं, म्हणून सुधीरने सीटखालच्या दोन वायरी एकमेकींना पिळून टाकल्या. गाडी बंद कशी करायची हा प्रश्न त्यामुळे उभा राहायला हवा होता, पण राहिला नाही, कारण ती आपली आपणच बंद पडत असे. ॲक्सिलरेटरला सायकलच्या ब्रेकची तार बसवली. क्लचला तार सापडेना, तेव्हा कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लावली. ब्रेक अगदीच नावापुरते लागत होते.

"त्याचं काय?" सरोजने विचारलं.

"आधी चालू तर होऊ दे," सुधीर म्हणाला. "थांबवायचं मग बघू."

खरी अडचण पेट्रोलच्या टाकीची होती. टाकी आतून गंजून तिची चाळण झाली होती. तिच्यावर सुधीरने काढलेला तोडगा असा: एक लिटरची पाण्याची बाटली उलटी टांगायची, बुचातून नळी काढायची, ती कार्बोरेटरला जोडायची. दवाखान्यात सलाईन लावतात तसं. पार्किंगमध्ये बाटली वरच्या पाइपला बांधली होती. चालत्या गाडीवर पाइप कुठून आणणार? सुधीरने विचार करता करता सरोजकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका."

"फक्त शेवटचे दोनशे मीटर, अगं! नाक्यापर्यंत तानाजीचा टेम्पो. नाक्यावर गाडी उतरवायची, तू मागे बसायचं, एका हाताने बाटली वर धरायची, आणि आपण थेट आबांच्या कंपाउंडमध्ये. आबांना वाटलं पाहिजे की गाडी डोंबिवलीपासून चालत आली."

"फसवायचं त्यांना?"

"आनंद द्यायचा."

सरोजने पाइपला टांगलेल्या बाटलीकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाली, "साडी नाही नेसत मी. पंजाबी ड्रेस घालते."

*

रविवारी सकाळी तानाजीचा टेम्पो ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याने पत्रीपुलाजवळून कल्याण पूर्वेत, विठ्ठलवाडीकडे वळला. तानाजी बिल्डिंगखालच्या हार्डवेअरवाल्याकडे माल टाकायचा, त्यामुळे ओळखीचा. त्याला सगळी योजना सांगितली होती, पण ती त्याच्या काही पचनी पडत नव्हती.

"काका, पण टेम्पो दारापर्यंत जातोय की. मग नाक्यावर कशाला उतरवायची?"

"ते तुला नाही कळणार."

"नाही म्हणजे, मी आपलं विचारतोय. मागून येऊ ना मी? काही लागलं तर?"

"ये मागून. पण अंतर ठेवून ये."

नाक्यावर गाडी उतरली. सुधीरने हेल्मेट घातलं, सरोजने घातलं. तिने डावा हात सुधीरच्या कमरेला घातला आणि उजव्या हाताने पेट्रोलची बाटली डोक्यावर धरली.

"दोनच गोष्टी लक्षात ठेव," सुधीर म्हणाला. "काही झालं तरी हात खाली आणायचा नाही, आणि नळीला दुमड पडू द्यायची नाही. पेट्रोल थांबलं की गाडी थांबली. आणि ही एकदा थांबली की मग काही खरं नाही."

"बरं."

सुधीरने किक मारली. सोळाव्या किकला राजदूतने खोकला काढला आणि ती सुरू झाली. आज ती बंद पडायच्या मूडमध्ये नव्हती. पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि टिपणीस दांपत्य निळ्या धुराचा ढग मागे सोडत निघालं. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन बघत होती. सुधीरला पस्तीस वर्षांनी आपली छाती आपोआप पुढे आल्यासारखी वाटली.

कंपाउंडच्या फाटकातून आत वळताना त्याने क्लच दाबला. टक्‌ असा आवाज झाला आणि लिव्हर हातात सैल पडली. दोरी तुटली होती.

सोसायटीच्या दोन इमारती समोरासमोर होत्या, मधे पाण्याची टाकी आणि टाकीभोवती सिमेंटचा गोल रस्ता. सुधीरने ॲक्सिलरेटर सोडला. गाडीने तो सोडला नाही. सायकलची तार अर्ध्यावर अडकून बसली होती. त्याने ब्रेक दाबला. ब्रेकने नुसती कुरकुर केली. त्याने गिअरवर लाथ मारली, गिअर जागचा हलला नाही. किल्लीकडे हात नेला, आणि तिथे किल्ली नाही हे आठवलं.

टाकीला वळसा घालून परत फाटकाकडे यावं आणि रस्त्यावर मोकळं निघून जावं एवढंच त्याला सुचलं. पण काही लागलं तर म्हणून तानाजी मागोमाग आला होता, आणि टेम्पो बरोबर फाटकात उभा होता.

सुधीर पुन्हा टाकीभोवती वळला.

"या या, भावोजी!" नयन खाली मोबाइल धरून उभा होता. "एक नंबर! आबा, बघा कोण आलंय!"

दुसऱ्या मजल्यावर, बनियन आणि लेंगा घातलेले आबा खुर्चीत ताठ झाले.

"नयन, क्लच!" सुधीर जाता जाता ओरडला.

पुढच्या फेरीला नयन म्हणाला, "काय?"

त्याच्या पुढच्या फेरीला सुधीर म्हणाला, "तुटला!"

"हात करा जरा! व्हिडिओ काढतोय!"

"अरे, थांबत नाहीये!"

"नको, थांबू नका! छान येतोय!"

मागून सरोज ओरडली, "अहो, थांबवा ना!"

"बाटली वर धर!" सुधीर ओरडला. दुसरं काही सांगण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

तळमजल्यावरच्या कलावतीबाईंनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या टाकीच्या सावलीबाहेर जुन्या साडीवर वाळत घातल्या होत्या. पाचव्या फेरीला सुधीरने टेम्पो चुकवायला वळण जरा मोठं घेतलं आणि राजदूत मिरच्यांवरून गेली. सहाव्या फेरीला पुन्हा गेली, कारण आता साडी चाकामागून फरफटत आली होती. राजदूतचा धूर आणि बेडगी मिरचीची पूड असं काहीतरी हवेत उठलं आणि सोसायटीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकदम शिंका सुरू झाल्या.

"अरे माझ्या मिरच्या!" कलावतीबाई झाडू घेऊन धावल्या. "डोळे फुटले का रं तुझे? आक्छी! वर्षाचा मसाला माझा! आक्छी!"

पुढच्या प्रत्येक फेरीला सुधीरला एकदा कलावतीबाईंच्या झाडूखालून जावं लागलं. नयनला आता काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. तो गाडीबरोबर धावायला लागला.

"भावोजी, किल्ली फिरवा!"

"किल्ली नाहीये!"

"मग गाडी भिंतीवर घाला!"

"मागे तुझी बहीण आहे!"

नयन धावता धावता शिंकला आणि मागे पडला. फाटकातून तानाजी ओरडत होता, "काका, टेम्पो काढू का? पण चालू होत न्हाय! डिझेल संपलंय बहुतेक!"

आठव्या फेरीला सुधीरने वर पाहिलं. आबांची खुर्ची रिकामी होती.

म्हणजे आबांनी पाहिलं आणि ते आत निघून गेले. अठ्ठावीस वर्षं जपलेल्या गाडीचं जावयाने हे असं काही करून ठेवलं, ते त्यांना बघवलं नसणार. सरोजनेही पाहिलं असावं, कारण कमरेभोवतीचा तिचा हात एकदम सैल पडला.

"आबा आत गेले," ती म्हणाली. ती ओरडली नाही, आणि तरी इतक्या आवाजात सुधीरला ते ऐकू आलं. बाटली मात्र तिने तशीच उंच धरली होती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि सरोजने नवऱ्याचं एवढं काटेकोरपणे कधी ऐकलं नव्हतं.

नवव्या, दहाव्या फेरीला सुधीरने मनात सगळ्या देवांची माफी मागितली. यातून सुटलो तर ही गाडी तानाजीच्या टेम्पोतून थेट भंगारवाल्याकडे, घरीसुद्धा न्यायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं. डोळ्यांत मिरची गेली होती, हेल्मेटची काच धुराने काळी झाली होती. अकराव्या फेरीला जिन्याच्या तोंडाशी कोणीतरी पांढऱ्या कपड्यातला म्हातारा काठी आपटत ओरडताना त्याला अंधुक दिसला. दुसऱ्या इमारतीतलं कोणीतरी असणार. आज सगळेच ओरडत होते.

बाराव्या फेरीला तो म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा होता. सुधीरने जीव खाऊन हँडल वळवलं. गाडी त्याच्या काठीला घासून गेली, आणि त्याच क्षणी खणखणीत आवाज आला:

"सरू! नळी दुमड!"

सरू असं तिला जगात एकच माणूस म्हणत असे. सरोजने विचार केला नाही, नवऱ्याची आज्ञा आठवली नाही, काही नाही. तिने सुधीरची कंबर सोडली आणि बोटांनी नळी घट्ट दुमडली.

कार्बोरेटरमध्ये उरलं होतं तेवढ्या पेट्रोलवर राजदूतने आणखी एक फेरी मारली, तेरावी. मग ती दोनदा ठसकली, शहारली, आणि काठी टेकून उभ्या असलेल्या माणसापासून हातभर अंतरावर शांत झाली.

इतकी शांतता त्या कंपाउंडमध्ये पूर्वी कधी नसेल. कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी शिंकलं.

नयन मोबाइल खाली करून उभा होता. "आबा," तो म्हणाला, "तुम्ही खाली कसे?"

"कसा म्हणजे? जिन्याने."

*

सरोज गाडीवरून उतरली. बाटली धरलेला हात खालीच येईना, तो तसाच वर ठेवून ती आबांकडे गेली आणि दुसऱ्या हाताने त्यांना धरून हमसाहमशी रडायला लागली. आबांनी तिच्या पाठीवर थोपटलं. पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं.

"ही दोरी?" त्यांनी काठीच्या टोकाने क्लच दाखवला. "कपड्यांची?"

"तार मिळाली नाही, आबा," सुधीर हेल्मेट काढत म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते ते मिरचीने की कशाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि पेट्रोल बाटलीतून चाललंय हे वरून दिसत होतं मला पहिल्या फेरीपासून. नळी दुमडा, नळी दुमडा, म्हणून घसा फोडून सांगतोय, एकाला ऐकू जाईल तर शपथ! हा नयन फोटो काढतोय. ती कलावती झाडू घेऊन नाचतेय. चार शिकलेली माणसं, आणि एकाच्या डोक्यात येत नाही! शेवटी म्हटलं, इथे बसून होणार नाही."

"पण आबा," नयन म्हणाला, "आठ महिने आम्ही सगळे सांगतोय, खाली चला म्हणून..."

"आठ महिन्यांत खाली यावं असं काही घडलं का तुमच्याकडून?"

नयनने यावर विचार केला आणि त्याला ते पटलं असावं.

तानाजीने आणि नयनने गाडी स्टँडला लावली. आबा तिच्याभोवती एकदा फिरले, सीटवर हात ठेवला, आणि कोणी मदतीला यायच्या आत काठी नयनच्या हातात देऊन, चांगला पाय पुढे टाकत, एका बाजूने तिच्यावर टेकले. त्यांनी हँडलची मूठ हातात धरली. कलावतीबाई मिरच्या गोळा करता करता थांबल्या. मग आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. चहा देताना त्यांनी सुधीरचा कप मुद्दाम सगळ्यात शेवटी दिला, अर्धाच भरलेला.

"मिरच्या मी आणून देतो," सुधीर म्हणाला.

"बेडगीच पाहिजे," कलावतीबाई म्हणाल्या. "आणि देठं काढून."

आजूबाजूची माणसं जमली. कोणीच आबांना आठ महिन्यांत खाली पाहिलं नव्हतं. आबा गाडीवर बसून प्रत्येकाला तिच्याबद्दल काहीतरी सांगत होते. कुठल्या साली घेतली, मलंगगडाच्या पायथ्याशी कशी बंद पडली, पुराच्या पाण्यात कशी चालली. त्यांचा आवाज वरच्या खुर्चीतला आवाज नव्हता. सुधीर टाकीच्या कट्ट्यावर बसून ऐकत होता. भंगारवाल्याला आज रविवार म्हणून सुट्टी असेल का, एवढाच एक प्रश्न त्याच्या डोक्यात होता.

बारा वाजता ऊन चढलं. नयन म्हणाला, "आबा, आता चला वर. मी हात देतो."

आबा उठले नाहीत. त्यांनी सुधीरकडे पाहिलं.

"जावईबापू, उद्या किती वाजता येता?"

"उद्या?" सुधीर म्हणाला.

"गाडी घेऊन. क्लचचं मी सांगतो कसं करायचं ते. मी खाली येऊन बसेन दहाला."

सुधीरने तोंड उघडलं. गाडीचं आता काय ठरलं आहे ते सौम्य शब्दांत सांगायची तयारी त्याने केली होती. पण त्याच्या आधी सरोज बोलली.

"दहाला येतो, आबा. आम्ही दोघं."

सुधीरने बायकोकडे पाहिलं. तिच्या ड्रेसवर पेट्रोलचे डाग होते, केसांत मिरचीच्या बिया होत्या, उजवा हात अजून पुरता खाली आला नव्हता, आणि ती हसत होती. असं हसताना त्याने तिला ऑगस्टपासून पाहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

आबा उठले. काठी घेतली, जिन्याकडे चार पावलं टाकली आणि वळले. "आणि एक. उगाच टेम्पोत घालून आणायचे उद्योग करू नका. गॅलरीतून नाका सरळ दिसतो. चालवत या."

"हो, आबा," सुधीर म्हणाला.

आबा नयनचा हात न धरता जिना चढून गेले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तशी सरोज फाटकाशी उभ्या असलेल्या तानाजीकडे गेली. एकदा तिने वर गॅलरीकडे पाहून घेतलं आणि आवाज अगदी बारीक केला.

"उद्या साडेनऊला या," ती म्हणाली. "पण टेम्पो नाक्यावर नको. अलीकडे रेशनच्या दुकानामागे लावा. तिथलं वरून काही दिसत नाही."